सिंधुदुर्गातल्या निवतीच्या किल्ल्यावरून समोर समुद्रात दीपगृहाचे खडक दिसले, तिथे जाता येतं का, आणि एवढं काय आहे तिथे?

जाता येतं, पण उतरायचा हट्ट धरू नका, होडीतून चक्कर मारून या. मी याच पट्ट्यातला, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

तुम्हाला निवतीच्या किल्ल्यावरून जे दिसलं ते वेंगुर्ला रॉक्स, आमच्याकडे सरळ निवती रॉक म्हणतात. नाव वेंगुर्ल्याचं असलं तरी जवळ पडतं निवतीवरून. एक बेट नाही, लहानमोठ्या खडकांचा पुंजका आहे, एकावर दीपगृह, एकाला बर्न्ट आयलंड म्हणतात. कडे सरळ पाण्यातून वर आलेले, शांत दिवशीसुद्धा लाट आपटत असते, त्यामुळे होडी लावणं म्हणजे जिकिरीचं काम.

आता खरी गंमत, ती गुहांमध्ये आहे. तिथे पाकोळ्यांची वसाहत आहे, इंग्रजीत इंडियन स्विफ्टलेट म्हणतात ती. चिमणीपेक्षा छोटी, पाय इतके नाजूक की फांदीवर बसताच येत नाही, फक्त कातळाला लटकते. गुहेतल्या मिट्ट काळोखात ती तोंडाने टिकटिक आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, वटवाघळासारखंच पण हा आवाज माणसाला ऐकू येतो. घरटं बांधते स्वतःच्या लाळेने, ती सुकून घट्ट होते आणि त्यात दोन अंडी. हीच घरटी परदेशात सूपासाठी सोन्याच्या भावाने जातात म्हणून इथे चोऱ्या व्हायच्या, आणि घरटं ओरबाडलं की ते पाखरू बिचारं पुन्हा लाळ गाळून नवीन बांधायला लागतं, कधीकधी अंड्यांसकट गेलेलं असतं सगळं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. विणीचा काळ साधारण मार्च ते जून, तेव्हा तर गुहेच्या तोंडाशी होडी नेऊन टॉर्च मारणं वगैरे अजिबात नको.

पावसाळ्यात सुरय (इंग्रजीत टर्न) हे समुद्रपक्षी या खडकांवर अंडी घालतात म्हणे, म्हणे कशाला, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी १९४० च्या दशकातच या पाकोळ्या आणि सुरयांवर लिहून ठेवलंय. पण ते बघायला तुम्ही आम्ही जाऊ शकत नाही, त्या दिवसांत होड्या बंदच असतात, जून-जुलै मासेमारीसुद्धा बंद.

म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या आणि सकाळी लवकर निघा. दुपारनंतर वारा उठतो आणि परतीला तोंडावर पाणी खात यावं लागतं, ज्यांना बोट लागते त्यांचे हाल. होडीवाले दादा म्हणाले की आज नको, वारो आसा, तर वाद घालू नका, जादा पैसे देऊन तर नकोच. वाटेत डॉल्फिन दिसायचा चांगला चान्स असतो, आणि वर बघत रहा, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालत असतो. दुर्बीण असेल तर आणाच, मोबाईलच्या झूमवर पाकोळी म्हणजे नुसता ठिपका येतो.

हल्ली आयएनएस गुलदार हे नौदलाचं निवृत्त जहाज याच भागात समुद्रतळाला बसवून पाण्याखालचं म्युझियम करायचा प्रकल्प निघालाय. रोजगार येईल, चांगलंच आहे, पण गर्दी त्या गुहांपर्यंत पोचू नये एवढं कुणीतरी बघायला हवं, मला त्याचीच धास्ती आहे.

रेल्वेने येत असाल तर कुडाळला उतरा, तिथून परुळेमार्गे निवती. होडी आदल्या संध्याकाळीच बंदरावर जाऊन ठरवा, आणि लाईफ जॅकेट सगळ्यांना पुरतील एवढी आहेत का ते तेव्हाच बघून घ्या.