नवोदयसारख्या निवासी शाळेत बालपण कसे जाते? मुलीला सहावीत पाठवावे का?

आपली मुलगी जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेत उत्तीर्ण झाली आहे आणि इतक्या लहान वयात घर सोडून गावाबाहेरच्या वसतिगृहात राहिलेल्या मुलामुलींच्या आठवणी काय आहेत, असे आपण विचारले आहे. मी १९९४ साली मराठवाड्यातील एका नवोदय विद्यालयात सहावीला दाखल झाले आणि बारावी होईपर्यंत, म्हणजे सात वर्षे, तिथेच राहिले; त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आईवडिलांना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आधी सांगते. अशा शाळेत नव्या मुलीला सांभाळण्याचे बरेचसे काम तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या मुली करतात. शिक्षक आवारातच राहतात, हाउस मास्टर रात्री हजेरी घेतात, पण रात्री पोटात दुखले, रिबीन हरवली, घरची आठवण आली की मुलगी शेजारच्या खाटेवरच्या ताईकडेच जाते.

माझे केस कमरेपर्यंत होते आणि ते रोज आजी विंचरत असे. शाळेतल्या पहिल्या पहाटे पी.टी.साठी घंटा झाली तेव्हा मी हातात कंगवा घेऊन नुसतीच उभी राहिले, कारण स्वतःची वेणी स्वतः घालण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. आठवीतल्या एका ताईने माझ्या हातातून कंगवा घेतला, मला पत्र्याच्या ट्रंकेवर बसवले, रिबीन दातांत धरली आणि “मान सरळ ठेव गं” एवढेच म्हणून दोन घट्ट वेण्या घातल्या. दिवाळीपर्यंत रोज पहाटे तिने हे केले. पुढे कळले की ती स्वतः सहावीत असताना दुसऱ्या एका ताईने तिच्या वेण्या घातल्या होत्या. मी आठवीत गेले तेव्हा माझ्या खाटेवर सहावीच्या तीन मुली ओळीने बसत आणि रिबीन माझ्या दातांत असे.

पहिला महिना जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवे मालवल्यावर एकीचा हुंदका ऐकू आला की तो खोलीभर पसरत असे. “रडायचं तर रड, पण पांघरूण डोक्यावरून घेऊ नकोस, जीव कोंडतो,” असे तीच ताई म्हणायची. गप्प बस, असे ती कधीच म्हणाली नाही, याचे मोल मला पुष्कळ उशिरा कळले.

नातेवाइकांचा विरोध पत्करून वडिलांनी मला पाठवले, कारण आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि नवोदयमध्ये शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके असे सगळेच मोफत होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या शाळा देशभर उभ्या राहिल्या. त्याआधी प्रयोग म्हणून जी पहिली दोन विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातील होते. किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी असल्यामुळे माझ्या खोलीतील बहुतेक मुली माझ्यासारख्याच शेतकऱ्यांच्या नाहीतर मजुरांच्या घरच्या होत्या.

याचा अर्थ पालकभेटीच्या रविवारी समजत असे. वडील एस.टी.ने यायचे, कडुलिंबाखाली बसायचे आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून सारखे घड्याळ पाहायचे. आईने फडक्यात बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी खोलीत नेली की ते माझे एकटीचे राहत नसे. एका मैत्रिणीच्या घरून मात्र क्वचितच कोणी येई, कारण यायचे म्हणजे आईवडील दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडायची. त्या रविवारी कोणाचाही डबा उघडला तरी पहिला घास तिला मिळे. असा नियम कोणी घालून दिला होता, असे मला आठवत नाही.

अभ्यासातही तेच. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेले गणित-विज्ञान आठवीत इंग्रजीतून सुरू झाले आणि सहामाहीत मी कशीबशी उत्तीर्ण झाले. रात्रीच्या जेवणानंतर दहावीच्या मुली आम्हाला जमिनीवर बसवून धडा आधी मराठीत समजावत आणि मग इंग्रजी वाक्ये घोटून घेत.

नववीत मायग्रेशन असते. वर्गातील सुमारे तीस टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची मुले आपल्याकडे येतात. मी उत्तर प्रदेशात गेले. घरचे पत्र पोहोचायला आठ-दहा दिवस लागत आणि डिसेंबरात धुके इतके दाटे की वसतिगृहाच्या पायरीवरून मेस दिसत नसे. हिंदीच्या तासाला कविता वाचताना मी अडखळले, तेव्हा सर प्रेमाने म्हणाले, “चेष्टा करो, आ जाएगा.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला ठाऊक नव्हते, सर भर वर्गात माझी थट्टा करत आहेत, असे वाटून माझे डोळे भरून आले. रात्री तिथल्या एका मुलीने मला त्याचा अर्थ सांगितला, मग मी तिला मराठीतला सांगितला आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत राहिलो. तिने माझे ‘मेरा पुस्तक’ सुधारून ‘मेरी पुस्तक’ केले आणि वर्षअखेर ती मला “काय गं” म्हणून हाक मारू लागली. माझ्या मते नवोदयने मला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हे वर्ष. आपल्या मुलीची निवड त्यासाठी झाली, तर घाबरून ती रद्द करायला जाऊ नका.

या सगळ्याची किंमत आईने मोजली. आठवीत मला पहिली पाळी शाळेत आली. तोवर दहावीत गेलेल्या त्याच ताईने सगळे समजावून सांगितले आणि आईला ते दीड महिन्याने, दिवाळीच्या सुट्टीत कळले. “तुला कोणी सांगितलं सगळं?” एवढेच तिने विचारले. मी ताईचे नाव सांगितल्यावर ती बराच वेळ चुलीपुढे काही न बोलता बसून राहिली. सुट्टी संपवून मी निघाले, तेव्हा माझ्या सामानात लाडवांचे दोन डबे होते आणि त्यातला एक ताईसाठी होता.

मुलीला पाठवावे, असेच माझे मत आहे. दाखल करण्याआधी तिला दोन वेण्या आरशाशिवाय घालायला शिकवा आणि बादलीवर तिचे नाव ऑइल पेंटने लिहून द्या. भेटीला गेल्यावर गुण विचारण्याआधी तिच्या शेजारच्या खाटेवर कोण झोपते, ते विचारा आणि जमल्यास त्या मुलीलाही भेटा. डबा मात्र एकटीपुरता नेऊ नका. खोलीत पंधरा-सोळा जणी तरी असतील.