मन शांत झाले म्हणजे देवाचा होकार मिळाला का?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे दूरच्या भागात मुलींचे वसतिगृह चालवले जाते. त्याची जबाबदारी मी दोन वर्षांसाठी घ्यावी, असे पाळकांनी सुचवले आहे. तिथली हवा मला मानवेल असे वाटत नाही, खोली दुसऱ्या एका बाईंबरोबर वाटून घ्यावी लागेल, मानधन सध्याच्या पगारापेक्षा बरेच कमी आहे आणि इथे अनेक वर्षांनी माझा जम बसला आहे. प्रार्थनेला बसल्यावर ‘जायचे नाही’ असे मनाशी म्हटले की शांत वाटते आणि जाण्याचा विचार आला की धडधड सुरू होते. मैत्रीण म्हणते, ही शांती हेच देवाचे उत्तर. मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, जे आपल्याला नकोसे वाटते तेच देवाला हवे असते. आईचेही आता वय झाले आहे, ती भावाकडे असते. मी काय समजावे?

उत्तर : भगिनी, दोघांचेही सल्ले प्रेमापोटी दिलेले आहेत, पण दोन्ही एकाच चुकीवर उभे आहेत. आपल्या मनाची अवस्था हीच देवाची भाषा, असे दोघेही गृहीत धरतात. एकजण ती सरळ वाचतो, दुसरा उलटी.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या समजुतीला फारसा आधार सापडत नाही. निनवे शहराला जाण्याची देवाची आज्ञा झाली असताना योना संदेष्टा याफो बंदराला गेला, तर तार्शीशला जाणारे जहाज तयारच होते. त्याने भाडे भरले, तो तळाशी उतरला आणि वादळ उठले तरी गाढ झोपून राहिला. दार उघडे होते, मन निवांत होते आणि माणूस देवापासून पळत होता. याउलट गेथशेमाने बागेत प्रभू येशूला निवांतपणा मुळीच लाभला नाही. घाम गाळत, तोच दुःखाचा प्याला टळावा अशी उघड विनंती करून मग तो म्हणाला, “तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.” पळणारा झोपला आणि आज्ञा पाळणारा तळमळला, हे लक्षात घेतले तर तुमची धडधड म्हणजे देवाचा नकार असे म्हणता येत नाही. ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो, हे कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रातले वाक्य अशा वेळी हमखास पुढे केले जाते. पण तिथे बोलणे चालले आहे ते एकमेकांचे सहन करण्याविषयी आणि एका शरीराचे अवयव म्हणून राहण्याविषयी, नोकरी निवडण्याविषयी नव्हे.

तुमच्या वडीलधाऱ्यांचे सूत्रही तितकेच लंगडे आहे. खचून रतामाच्या झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. कामाचे बोलणे त्यानंतर झाले. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्याची प्रेषित पौलाने पत्रातून काळजी घेतली. करिंथ येथील मंडळीला लिहिताना तर, विधवेने पुन्हा लग्न करायचे असल्यास प्रभूमध्ये राहून तिची इच्छा असेल त्याच्याशी करावे, असे तो मोकळेपणाने सांगतो. सोय म्हणजे पाप नव्हे आणि गैरसोय म्हणजे देवाचे पाचारण नव्हे. स्वतःला छळणे हीच भक्ती मानणारी माणसे पुष्कळदा इतरांनाही सुखाने जगू देत नाहीत, हे जाता जाता नमूद करतो.

मग पारख कशी करावी? लोयोलाच्या इग्नातियस या संताचा अनुभव इथे उपयोगी पडतो. 1521 मध्ये पांप्लोना येथे तोफगोळ्याने जखमी झाल्यावर तो अंथरुणाला खिळला होता. शौर्याची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगवताना त्याला आनंद होई, पण ती ओसरली की मन कोरडे पडे. संतांच्या वाटेने जाण्याचे विचार मात्र मागाहूनही प्रसन्नता ठेवून जात. विचार येताना कसे वाटते यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते, हे पाहायला तो शिकला. ‘जायचे नाही’ म्हटल्यावर तुम्हाला वाटणारी शांती संध्याकाळपर्यंत टिकते का? वसतिगृहातल्या मुलींचा विषय निघाला की ती तशीच राहते, की तुम्ही विषय बदलता? केवळ सुटकेने आलेला निवांतपणा अशा प्रश्नांपुढे फार वेळ तग धरत नाही. निराशेच्या काळात आधीचा चांगला निर्णय बदलू नये, हा इग्नातियसचा आणखी एक नियम. आणि तिसरी युक्ती अशी की, अगदी अनोळखी व्यक्ती हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आली असती तर तिला आपण काय सांगितले असते, याचा विचार करावा.

तुमचे पत्र मी त्याच अनोळखी नजरेने पुन्हा वाचले. हवा, खोली, मानधन आणि बसलेला जम यांना त्यात चांगली जागा मिळाली आहे. आई येते ती अगदी शेवटी, दोन्ही सल्ले सांगून झाल्यावर, आणि तीही भावाकडे असल्याची माहिती घेऊन. ज्या मुलींसाठी हे काम आहे त्यांच्याविषयी मात्र एकही वाक्य नाही. हा दोषारोप नव्हे; मन कुठे गुंतले आहे, एवढेच यावरून दिसते. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले, म्हणजेच ‘कुर्बान’ केले, असे सांगून जबाबदारी टाळणाऱ्यांना प्रभूने खडसावले होते. तिथे देवाचे नाव पुढे करून आईबाप टाळले जात होते. आईबापांचे नाव पुढे करून देवाला टाळणेही तितकेच सोपे आहे. आईला खरोखर तुमची गरज आहे का, हे तिला आणि भावाला समोर बसवून विचारा. हवा बाधते का, हे डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर सुटीत आठवडाभर तिथे राहून या. एवढे केल्यावरही उत्तर ‘नाही’ असेच आले, तर तसे पाळकांना कळवायला तुम्ही मोकळ्या आहात. फक्त तो नकार स्वतःच्या नावाने कळवा, ‘मला जमणार नाही’ अशा शब्दांत. ‘देवाने मला नको सांगितले’ असे लिहून त्याच्यावर देवाची सही घेऊ नका.

प्रश्न : माझ्या पतीला नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचे आहे. देवाने सांगितले आहे, असे ते म्हणतात. घरखर्चाचा विषय काढला की, तू सुखाला चटावली आहेस आणि देवाच्या आड येत आहेस, असे उत्तर मिळते. मुले अजून शिकत आहेत.

उत्तर : ‘देवाने सांगितले’ हे वाक्य संभाषण सुरू करायला वापरले तर ती साक्ष ठरते, बंद करायला वापरले तर धाक. यरुशलेमेत जमलेल्या प्रेषितांनी आणि वडीलजनांनी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांविषयीचा निर्णय कळवताना तो पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटला असे लिहिले, पण त्याआधी तिथे बराच वादविवाद झाला होता. आत्म्याचे मार्गदर्शन प्रश्नांना भीत नाही. आत्म्यांची परीक्षा करा, असे योहानाने विश्वासणाऱ्यांनाच सांगितले आहे. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे तर प्रभूचे स्वतःचे शब्द आहेत, आणि तेही त्याच्यामागे चालण्याची किंमत सांगताना आलेले. तेव्हा हिशेबाची वही काढणाऱ्या पत्नीला अविश्वासू ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पतींनी ऐकायला हवी. माणूस त्याग करतो तो स्वतःच्या सोयीचा. मुलांची फी आणि पत्नीची झोप वेदीवर ठेवताना त्यांची संमतीच घेतली नसेल, तर तो त्याग कोणाचा? त्यांच्या या निर्णयात स्वतःची सोय कुठेच नसेल, असेही समजू नये. कंटाळवाण्या नोकरीतून सुटका आणि व्यासपीठावरचा मान या दोन्ही गोष्टी सुखाच्याच आहेत. तुम्ही दोघांनी मंडळीतल्या एखाद्या जाणत्या जोडप्यासमोर बसावे. तिथे पतींनी नोकरी न सोडता काही महिने ठरावीक वेळ त्या सेवेला देण्याची तयारी दाखवावी, आणि किती रक्कम शिल्लक असल्यास तुम्हाला निश्चिंत वाटेल, हे तुम्ही आकड्यात सांगावे. असा आकडा तुम्हाला सांगताच येत नसेल, कितीही शिल्लक असली तरी अपुरीच वाटत असेल, तर तुमच्या बाजूलाही तपासण्यासारखे काही आहे.

प्रश्न : तरुणपणी सेवेची संधी आली होती, ती मी सुखाचे आयुष्य हवे म्हणून नाकारली. आता निवृत्त झालो आहे. देवाची योजना कायमची हुकली का?

उत्तर : पौलाचा सहकारी योहान मार्क सेवेच्या प्रवासात पंफुल्याहून त्याला सोडून परत फिरला. त्यावरून पुढे पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात एवढा तंटा झाला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे, असे सांगतो. योनालाही परमेश्वराचे वचन दुसऱ्यांदा प्राप्त झाले. तुम्ही नाकारलेली जागा एव्हाना दुसऱ्या कोणीतरी घेतली असेल, तिची चौकशी करत बसू नका. तुमच्या मंडळीत माणसांअभावी कोणते काम अडले आहे, हे येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकांना विचारा, आणि त्यांनी नेमके तुम्हाला न आवडणारे काम सांगितले, तर उत्तर देण्याआधी वरच्या शिक्षिकाबाईंना दिलेला सल्ला वाचा.