मुलीला वायनरीत न्यावं का?

"मॅडम, मुलांना आणि कुत्र्याला घेऊन वायनरीत गेलं तर चुकतं का?" नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. 1999 मध्ये सुला ही द्राक्षांपासून वाइन बनवणारी वायनरी सुरू झाली, गंगापूर धरणाच्या परिसरात आणखी वायनऱ्या आल्या आणि रविवारी तिकडे चक्कर मारणं अंगवळणी पडलं. घरोघरी वाद मात्र तसाच आहे.

स्वाती आणि निनाद (नावं बदलली आहेत) अशाच भांडणानंतर आले. पहिलीतली सई, लॅब्रेडॉर शेरू, आणि नातीला "दारूच्या ठिकाणी" नेलं म्हणून अबोला धरलेल्या आजी. "आम्ही काय धिंगाणा घालतो का? एक-दोन ग्लास," असं निनादचं म्हणणं. स्वातीला टोचत होतं, पण सासूची बाजू घेतल्यासारखं होईल म्हणून ती गप्प.

जागा चांगली की वाईट, यावरच दोघं अडून बसले होते. मूल उपदेशातून कमी आणि बघून जास्त शिकतं, असं मी ठामपणे मानते. म्हणून सईलाच बोलावलं.

"तिथे तू काय करतेस गं?"

"टेबलाखाली बसते. शेरूपण."

"टेबलाखाली का?"

"मोबाइलचं चार्जिंग संपतं ना. मग आम्ही कुणाचे पाय कुठले ते ओळखतो."

निनादचा चेहरा उतरला. "किती वेळ बसतो गं आपण तिथे?" त्यानं लेकीला विचारलं.

"तुम्ही 'निघू आता' म्हणता ना, त्याच्यानंतर पण खूप वेळ."

इतक्या भेटींत मोठ्यांना न सापडलेलं सईनं एका वाक्यात सांगितलं. आजींना दारूची धास्ती होती, स्वातीला लोक काय म्हणतील याची. सईला बाटल्यांचं काहीच नव्हतं. ती सहल तिची नव्हतीच. मोठ्यांच्या ग्लासवर मुलाचा वेळ टांगलेला असेल, तर लॉन कितीही हिरवं असलं तरी ती जागा त्याची नाही. मळ्यात हिंडायला, पळायला, वाइनच्या टाक्या बघायला मिळत असेल, आणि आईबाबा ठरल्या वेळी थांबतात हे दिसत असेल, तर खुशाल न्या.

सकाळी जा, जेवून निघा. रात्री, मोठ्या आवाजात, मुलं नकोत. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबमध्येही नकोत. "चाखून बघ" म्हणत घोट देऊ नका. बिअरसाठीसुद्धा आपल्याकडे वयाची अट 21 आहे. गाडी चालवणाऱ्यानं थेंबही घेऊ नये. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा, पण मागे मूल बसलेलं असताना मापं कसली काढायची?

शेरूबद्दल मी जास्त कडक होते. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जानेवारी ते मार्च काढणीचे दिवस, वेलींखाली मणी पडलेले, आणि लॅब्रेडॉर तर दिसेल ते गिळतो. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्स नावाची फुलंही कुत्र्यांना घातक. शिवाय गर्दीत तो सारख्या जांभया देऊ लागला, शेपूट पायांत घालू लागला, तर तो कंटाळलेला नसतो, घाबरलेला असतो.

आता ते जातात तेव्हा शेरू आजींजवळ राहतो. निघायची वेळ सई ठरवते, गाडी निनाद चालवतो, न पिता. आजींना हे अजूनही पटलेलं नाही, पण अबोला सुटला आहे.