‘या लोकांना’ म्हणजे नक्की कोणाला?

‘मॅडम, मी घाटकोपरला राहते. बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या एका मोठ्या हॉस्पिटलात पीएनसी, म्हणजे बाळंतपणानंतरच्या वॉर्डला पोस्टिंग आहे. परवा गोवंडीच्या एका बाळंतिणीची सासू बाळाला मध चाटवत होती. मी बाटली काढून घेतली आणि चार शब्द सुनावले. त्यानंतर दोघी माझ्याशी बोलेनात, बाळंतीण बीपीलाही हात पुढे करेना. इनचार्ज सिस्टरनी सगळ्यांसमोर मलाच झापलं. या लोकांना कितीही सांगा, कळतच नाही. पुढे मला जर्मनीला जायचंय. वेगवेगळ्या धर्मांच्या, भाषांच्या पेशंटशी कसं वागायचं, याचा एखादा कोर्स आहे का?’

कोर्सचं सांगते, पण आधी मधाचं.

वैद्यकीयदृष्ट्या तुझं शंभर टक्के बरोबर होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. पहिल्या तासात आईचं चीक पोटात जावं, हेही तू पाठ केलेलं असणार. मी अडले ते ‘या लोकांना’ या शब्दांवर. आज घरी गेल्यावर आजीला विचार, तुझा बाबा जन्मला तेव्हा त्याच्या जिभेला पहिलं काय लावलं होतं. आपल्याकडे कित्येक घरांत सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवली जायची, अजूनही चाटवतात. आपण केलं की ते जातकर्म, गोवंडीच्या आजीने केलं की अडाणीपणा?

न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन नावाची एक माओरी नर्स होऊन गेली. परिचारिकेने पेशंटच्या चालीरीतींची यादी घोकण्याआधी स्वतःचं घर, स्वतःचे ग्रह आणि अंगावरच्या युनिफॉर्मची ताकद तपासावी, असं तिचं म्हणणं. शुश्रूषा ‘सुरक्षित’ झाली की नाही, हे पेशंट ठरवणार, नर्स नाही. 1992 साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा ‘सांस्कृतिक सुरक्षितते’चा विषय नर्सिंगच्या शिक्षणात सक्तीचा केला. त्या बाळंतिणीने बीपीला हात दिला नाही, तेव्हा तिने तिच्या परीने तुझा पेपर तपासून परत दिला होता.

मग करायचं काय होतं? वेगवेगळ्या संस्कृतींच्या पेशंटची शुश्रूषा कशी करावी, या अभ्यासाचा पाया घालणारी अमेरिकन नर्स मॅडलिन लायनिंगर हिने तीन वाटा सांगितल्यात. पेशंटची एखादी रीत चांगली असली तर ती जपायची. अडचणीची असली तर तडजोड काढायची. घातक असली तर ती बदलायची, पण त्या माणसाला बरोबर घेऊन. बाळंतिणीच्या डब्यात डिंकाचा लाडू आला तर खाऊ दे की. मध मात्र तिसऱ्या वाटेचा. तिथे बाटली हिसकावली की आजी ती पदराआड घेऊन रात्री चाटवणार, हे मी तुला लिहून देते. त्यापेक्षा विचारायचं, ‘अम्मा, पहला निवाला आपके हाथ से होना चाहिए ना?’ मग आईचंच चीक स्वच्छ वाटीत काढून, आजीला हात धुवायला लावून, तिच्याच हाताने चमच्याने पाजायचं. मधाचं बोट बाळंतिणीच्या तोंडात. आजीचा मान राहिला, बाळही सुखरूप. जमेलच असं नाही, पण बोलणं तरी तुटत नाही.

माझ्या आईचं सांगते. एकाहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या सकाळी मंगळसूत्र काढायला तयार होईना. लग्नापासून गळ्यातून उतरवलेलं नव्हतं. पहिल्या सिस्टर म्हणाल्या, ‘आजी, नाटकं नकोत, ऑपरेशन थिएटरमध्ये मेटल चालत नाही.’ आई भिंतीकडे तोंड करून पडली. तेवढ्यात ड्युटी बदलली. केरळच्या एक सिस्टर आल्या. मुंबईत वीस वर्षं काढलेल्या, पण मराठीतल्या लिंगांचा अजून गोंधळ. ‘आजी, तुमची मंगळसूत्र मी नाही काढणार. तुम्ही काढा, आजोबांच्या हातात द्या. ऑपरेशनला मशीनने चटका बसतो ना, म्हणून.’ मग वॉर्डातल्या मावशींना सांगून सुती दोरा आणवला, मी घरून आणलेली हळद त्याला लावली आणि तो मनगटाला बांधला. सगळे मिळून पाचेक मिनिटं. आईने स्वतः स्ट्रेचरवर अंग टाकलं. व्याकरण चुकीचं होतं, बाकी काही चुकलं नव्हतं.

आता तू म्हणशील, रात्रपाळीला अख्खा वॉर्ड अंगावर असतो, गप्पा मारायला वेळ कुठला? खरं आहे, आणि ज्या वॉर्डात माणसं कमी आहेत तिथला दोष सिस्टरच्या स्वभावावर ढकलणं मला पटत नाही. म्हणून वेळ खाणार नाही एवढंच सांगते. केस पेपर भरताना दोन प्रश्न जास्त विचार: ‘हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?’ आणि ‘सगळ्यात भीती कशाची वाटतेय?’ आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने असे प्रश्न 1970 च्या दशकात मांडले. पेशंट ‘नजर लागली’ म्हणाला तर हसू नको. त्याच वाक्यात त्याने औषध कधीपासून बंद केलंय, तेही कळून जातं.

मुंबईत धर्मांचा तक्ता करून भिंतीला लावला तर तो पहिल्याच दिवशी खोटा पडेल. जैन पेशंट म्हणजे कांदा-लसूण नको, कंदमुळं नकोत, सूर्यास्तानंतर जेवण नको, असं तू गृहीत धरशील आणि तो रात्री दहाला सँडविच मागवेल. उलट, दुसरा एखादा कॅप्सूल गुपचूप उशीखाली ठेवत असेल, कारण तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनलेलं. विचारलंस तर डॉक्टर गोळी किंवा सिरप लिहून देऊ शकतात. कॅप्सूल तू स्वतः उघडून पावडर मात्र देऊ नको, काही औषधं हळूहळू सुटावीत म्हणूनच कॅप्सूलमध्ये असतात. रमजानमध्ये इन्सुलिनवरचा पेशंट रोजा लपवतो, कारण आपण ओरडणार हे त्याला ठाऊक असतं. चंद्र दिसायच्या आधीच्या ओपीडीतच विचारलं तर डोस आणि वेळा डॉक्टरांना बदलता येतात. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहेच, पण ती त्याला तुझ्याकडून नाही, घरच्या वडीलधाऱ्यांकडून किंवा मौलानांकडून ऐकायची असते.

भाषेचं एक कडक सांगते. सुनेची माहिती सासूला दुभाषी करून घेऊ नको. पाळी, अंगावरून जाणं, घरातली मारहाण यातलं काहीच त्या चाळणीतून खाली पडणार नाही. पोराला आईचा दुभाषी करणं तर त्याहून वाईट. भोजपुरी येणारी दुसरी सिस्टर, समाजसेवा विभागातलं कुणी, ते नसेल तर मावशी, पण पडदा ओढून.

आणि वेगळेपण फक्त चालीरीतींत नसतं. ऑक्सिजन कमी पडला की येणारी निळसर छटा सावळ्या पेशंटच्या नखांवर चटकन दिसत नाही, जीभ आणि ओठांची आतली बाजू बघावी लागते. गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे ऑक्सिजन मोजणारा बोटावरचा चिमटा, कधीकधी आकडा खऱ्याहून जास्त दाखवतो. त्यामुळे आकडा चांगला पण पेशंटला धाप, असं असेल तर पेशंटवर विश्वास ठेव.

आता कोर्स. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच सेमिस्टरला अप्लाइड सोशिऑलॉजी, म्हणजे समाजशास्त्र आहे. तू तो गाइडवर काढलास ना? पुस्तक परत उघड, आता वॉर्ड बघून झाल्यावर ते वेगळं वाटेल. डिग्रीनंतर याच वाटेने जायचं तर कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सी, किंवा देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य. तुला तर घाटकोपरहून देवनार जवळच. पण माझं ऐकशील तर आधी वर्ष-दोन वर्षं परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी नोकरी मिळते का बघ. आसाम, बंगाल, बिहार, सगळीकडचे पेशंट तिथे येतात. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेत, एखाद्याला शेवटी तुळशीपत्र हवं असतं, एखाद्याला फादर, एखाद्याला फक्त खिडकीजवळची खाट. ते कुठल्या सर्टिफिकेटवर येत नाही.

जर्मनीसाठी जर्मन भाषेची साधारण बी-टू पातळी लागते, क्लास आत्तापासून लाव. आणि तिथे गेल्यावर वॉर्डातली कुणी तुझ्याकडे बघून ‘या लोकांना’ म्हणालीच, तर तेव्हा मला पत्र लिही.

तुझी ती बाळंतीण एव्हाना डिस्चार्ज घेऊन गेली असेल. पण सहा आठवड्यांनी बाळाची लस असते आणि बऱ्याच जणी जिथे बाळंत झाल्या तिथेच येतात. तारीख काढून ठेव. लसीकरणाच्या रांगेत आजी दिसली, तर आधी बाळाचं नाव काय ठेवलं ते विचार.