हरणाच्या शिकारीसाठी .३०८ विंचेस्टर रायफल घ्यावी की .३०-०६? आणि एकीची काडतुसं दुसरीत चालतात का?

चालत नाहीत. आणि .३०८ घ्या. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण ‘दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे, मग हरकत काय?’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमचे दाजी आठवले.

व्यास एकच आहे, मान्य. दोन्हींचा ०.३०८ इंच. पण चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) नुसती गोळी बसत नाही, अख्खं काडतूस बसतं. .३०८ ची पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, ५१ मिलिमीटर, .३०-०६ ची ६३. हे बारा मिलिमीटर दाजींना कधी पटले नाहीत.

आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये. सीझनच्या आधी रायफली झीरो करायला, म्हणजे नेम जुळवून घ्यायला, रेंजवर गेलो होतो. त्यांची .३०-०६, माझी .३०८, टेबल एकच. त्यांची डबी संपली तेव्हा मी वहीत आकडे लिहीत होतो. माझ्या डबीतलं एक त्यांनी सरळ उचललं, घातलं, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद केला. आणि तो झाला बंद, हीच तर गोम! बार झाला तो नेहमीसारखा खणखणीत नव्हता, दबका. बोल्ट उघडेना. शेवटी केस बाहेर आली तेव्हा तिची मान (गोळी धरणारा अरुंद भाग) गायब, तोंड पसरलेलं, अंगावर तांदळाच्या दाण्याएवढी चीर. पुढच्या मोकळ्या जागेत पितळेला आधारच नसतो, ते फुगतं, फाटतं आणि तापलेला वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. दाजींना चष्म्याने वाचवलं. रेंजवाल्याने त्या दिवसापुरती त्यांची रायफल बंद करायला लावली.

दाजींचं म्हणणं? “बसली ना? उडाली ना?” दर दिवाळीला हेच ऐकवतात. उलटं करून बघा म्हणावं: .३०८ च्या रायफलीत .३०-०६ घातली तर बोल्टच बंद होत नाही. या जोडीत धोका आखूड काडतुसाचा. कंपन्यांनाही हे कळतं. १९५७ साली .२८० रेमिंग्टन आली तेव्हा ती चुकून .२७० विंचेस्टरच्या रायफलीत बसू नये म्हणून तिच्या केसचा खांदा (मानेखालचा उतार) मुद्दाम पुढे सरकवला होता.

राहिली ताकद. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .३०८ मधून सेकंदाला साधारण २,८२० फुटांनी सुटते, .३०-०६ मधून २,९१० फुटांनी. या नव्वद फुटांसाठी लांब अ‍ॅक्शन (बोल्ट सरकतो ती यंत्रणा) आणि खांद्याला जास्त धक्का कशाला? १९०६ चं लष्करी काडतूस आहे म्हणून ते ‘खरं’ आणि १९५२ चं .३०८ ‘पोरांचं’, हा दाजींचा दुसरा सिद्धांत. हरणाला साल कळत नाही.

एल्कच्या (मोठ्या जातीचं हरीण) शिकारीला जाणार असाल, १८० ग्रेन किंवा त्याहून जड गोळी वापरणार असाल, तर मात्र .३०-०६ खरंच बरी. तेवढं दाजींचं बरोबर. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव जुळवूनच भरा. ७.६२ नाटोची लष्करी काडतुसं .३०८ मध्ये बसतात, तरी आधी रायफलीचं मॅन्युअल बघा.

आणि एच-१बीवर आहात म्हणता, तर दुकानात जायच्या आधी हंटिंग लायसन्स काढा. त्याशिवाय तुमच्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो.