वाचक विचारतात : गावात चिंता किती, ती मोजायची कशी?

प्रश्न : 'पाचातला एक माणूस चिंताग्रस्त' असं एका लेखात वाचलं. दुसऱ्या लेखात प्रमाण 'शंभरात तीन-चार' होतं. वर्गात मुलांना यातलं खरं कोणतं सांगू?
— शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही खरे, कारण विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०११ पासून लोकांना विचारतं, 'काल तुम्हाला किती चिंता वाटली? ० ते १० मध्ये सांगा.' ६ किंवा जास्त सांगणारे 'जास्त चिंता' या गटात जातात. एरवी हा गट साधारण पाचात एक असतो. मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदी लागल्याबरोबर, तो निम्म्याच्या जवळ पोचला. आजार आठवड्याभरात असा दुप्पट होत नाही. मनाला लागलेला घोर मात्र होतो, आणि या प्रश्नात तोच मोजला जातो.

तीन-चार टक्के हा आकडा आजाराचा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघरी, ठरावीक निदान-प्रश्न विचारून पाहणी केली. त्यात चिंता आणि ताणाशी जोडलेले विकार सुमारे ३.५ टक्के प्रौढांत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा जगाचा अंदाज ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३० कोटी लोक. मुलांना एक गोष्ट जरूर सांगा : त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. 'महाराष्ट्रात साडेतीन टक्के' असं कुठे छापलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने मूळ अहवाल उघडलेला नाही.

प्रश्न : गावाची वस्ती १४००. बचत गट आणि ग्रामपंचायत मिळून चिंतेची पाहणी करायची आहे. आमच्याकडे लोक 'जीव घाबरा होते', 'टेन्शन हाये' असंच सांगतात. कोणते प्रश्न, किती घरं, केव्हा?
— बचत गटाच्या सचिव, ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती

उत्तर : स्वतः प्रश्न रचू नका. 'तुम्हाला टेन्शन आहे का?' असं विचारलं की कर्ज, बीपी, भावकीचं भांडण, पोरीचं लग्न, सगळं एका 'हो'त येतं. जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी घ्या. मराठीत मिळते, वापरायला पैसे लागत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी आवरता आली नाही का, असे प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र.

दोन ठिकाणी गाडी अडते. 'दोन आठवडे' हा हिशेब पाठ नसतो; 'मागच्या दोन बाजारांपासून आजपर्यंत' म्हटलं की लगेच कळतं. दुसरं, 'अर्ध्यापेक्षा जास्त दिवस' हा पर्याय ऐकून लोक नुसती मान हलवतात. तुरीचे १४ दाणे समोर ठेवा आणि त्रासाच्या दिवसांचे दाणे बाजूला काढायला सांगा. एकही नाही तर ०, सातपर्यंत १, आठपासून २. 'जवळजवळ रोज'साठी, म्हणजे ३ गुणांसाठी, १२ दाणे धरा, पण ही रेघ आधीच ठरवा आणि सगळ्या ताईंनी तीच पाळा.

माणसं निवडताना घरोघरी जाऊन जो भेटेल त्याला विचारू नका. दुपारी घरी म्हातारी माणसं आणि बाळंतिणी असतात, बाकी गाव वावरात. मतदार यादी घ्या. यादीत साधारण ९५० नावं असतील, त्यातलं दर चौथं घ्या. पहिलं नाव १ ते ४ च्या चिठ्ठीतून काढा. २३७ नावं निघतील. त्यातली काही पुण्या-सुरतेला गेलेली असणार, तरी २०० उरली तर उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे इतकं नेमकं येतं. माणूस भेटला नाही तर संध्याकाळी तीनदा जा; शेजाऱ्याला बदली धरलं की पाहणी बिघडली. आणि सासू ओसरीवर बसली असेल तर सुनेला विचारूच नका, तिची सातही उत्तरं शून्य येतील.

हंगाम नोंदवा. पाऊस लांबला असताना जूनच्या शेवटी विचारलं तर एक आकडा, कापूस विकून पैसा हाती आल्यावर वेगळा. फवारणीच्या दिवसांत जास्त सावध राहा. घाम, मळमळ, धडधड हे चिंतेतही होतं आणि औषधाच्या विषबाधेतही. फवारून आलेल्या माणसाला लाळ सुटली, बाहुली टाचणीएवढी झाली, अंगाचे स्नायू फडफडले, तर यादी बाजूला ठेवून त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. खर्रा दिवसाला किती पुड्या, चहा किती कप, हेही लिहून घ्या. तंबाखू-सुपारीने छाती धडधडते. बायकांत रक्त कमी असलं तरी तेच होतं.

आता मुख्य चूक, जी शिकलेली माणसंही करतात. १० च्या वर गुण म्हणजे रोगी, असं नाही. २००६ साली ही यादी तयार झाली तेव्हा अमेरिकेतल्या दवाखान्यांत तपासली गेली. १० ची रेघ धरली तर खऱ्या रुग्णांपैकी ८९ टक्के सापडतात, निरोगींपैकी ८२ टक्के बरोबर सुटतात. ऐकायला छान. पण गावाचा हिशेब करा. हजार माणसांत खरे ४० असतील तर ३६ सापडले. उरलेल्या ९६० पैकी १८ टक्के, म्हणजे १७३ जण, उगाच अडकले. एकूण २०९ जण रेघेवर, त्यात खरे ३६, म्हणजे सहातला एक. म्हणून तुमच्या पाहणीत ४० जण रेघेवर आले तर फलकावर 'गावात ४० रुग्ण' लिहू नका. '२०० पैकी ४० जणांचे गुण १० किंवा वर' एवढंच लिहा. नावं तर अजिबात नाही.

प्रश्न : जीएडी-७ मध्ये एकाचे गुण १७ आले. घरचे म्हणतात मेडिकलमधून झोपेची गोळी आणू. आशाताईंनी काय करावं?
— आशासेविका, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : ती गोळी, बहुधा अल्प्राझोलाम, घबराट तासाभरात उतरवते, म्हणूनच सुटत नाही. रोज काही आठवडे घेतली की सवय लागते, आणि एकदम बंद केली तर घबराट दुप्पट. चिंतेवरची रोजची औषधं वेगळी असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. 'आठ दिवस खाल्ली, फरक नाही' म्हणून लोक सोडतात तिथेच घात होतो. समुपदेशनही तेवढंच उपयोगी.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त आणि थायरॉइड तपासायला सांगा. तिथे थायरॉइडची सोय नसेल तर तालुक्याला. मग जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा. तोवर १४४१६, टेलिमानस, हा मोफत नंबर २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीएडी-७ मध्ये जीव देण्याच्या विचारांचा प्रश्नच नाही, तो तुम्ही वेगळा, सरळ शब्दांत विचारायचा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडू नका आणि घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात, किल्ली दुसऱ्या घरी.