शंका-समाधान : सर्व राष्ट्रे कोणाचे वतन?

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या ८२ व्या स्तोत्राचे शेवटचे वचन घोषणेसारखे म्हणतात. देवा, ऊठ, पृथ्वीचा न्याय कर, सर्व राष्ट्रे तुझेच वतन आहेत, असा त्याचा आशय. म्हणजे एक दिवस सगळ्या देशांवर विश्वासणाऱ्यांचे राज्य येणार का?
– एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : नाही, ताई. वारस कोण ते आधी पाहा. वतन देवाचे आहे. तुम्हाआम्हाला राष्ट्रे वाटून देण्याची गोष्ट त्या वचनात नाहीच.

स्तोत्र आठच वचनांचे आहे, पहिल्यापासून वाचा. दरबार भरलाय. देव उभा राहून इतर ‘देवांना’ जाब विचारतो : किती दिवस दुष्टांची बाजू घेणार? दुबळ्याला, पोरक्याला न्याय द्या (वचन ३). हे ‘देव’ कोण, यावर मतभेद आहेत. काही जण त्यांना इस्राएलाचे न्यायाधीश मानतात. मला बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला, ३२:८-९ मधला धागा पटतो. परात्पराने राष्ट्रांची वाटणी केली आणि याकोबाला, म्हणजे इस्राएलाला, स्वतःचा वाटा म्हणून ठेवले. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या एका प्राचीन प्रतीत ही वाटणी ‘देवपुत्रांच्या’ संख्येप्रमाणे झाली, असे आहे. ज्या देवपुत्रांवर राष्ट्रे सोपवली त्यांनी गरिबाला लुबाडू दिले. म्हणून निकाल लागतो : तुम्ही माणसांसारखे मराल. आणि राष्ट्रे मूळ धन्याकडे जातात.

हे गात कोण होते? मिश्ना हा यहुद्यांचा जुना ग्रंथ सांगतो, यरुशलेमच्या मंदिरात तिथले सेवक लेवी दर मंगळवारी हेच स्तोत्र गात. लेवी वंशाला इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा मिळालेला नव्हता. इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले, त्याआधीच देशावर रोमची सत्ता होती. ज्यांच्या हाती काही नाही, त्यांची ही फिर्याद आहे.

एका खेड्यात घरसभेत मी हे वाचले. तिथे एक विधवा बहीण होती, दिराने सातबाऱ्यावरून तिचे नाव उडवले होते. ती म्हणाली, “पाळकसाहेब, तिसरं वचन परत वाचा.” आठवे नव्हे, तिसरे! तिला स्तोत्र बरोबर कळले होते.

स्तोत्र २:८ मध्येही राष्ट्रांच्या वतनाचे अभिवचन आहे, पण ते सियोनावरच्या, म्हणजे यरुशलेमातल्या, अभिषिक्त राजाला दिलेले. आपण ते ख्रिस्ताला लावतो.

तेव्हा सभेत आठवे वचन जरूर म्हणा. त्याआधी तिसरे-चौथे म्हणा, आणि तुमच्या वस्तीत ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांची नावे घेऊन म्हणा.